आजी स्टाइल लाटे, नो कॅफीन!

सकाळी लॅपटॉप ऑन व्हायच्या आत मला कॉफीचा मग लागतो. म्हणजे, लागायचा! दुपारी ऑफिसात एक, डेडलाइन असली की संध्याकाळी आणखी दोन... दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी हिशेब मांडला. प्रेग्नन्सीत दिवसाला 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको. एस्प्रेसोच्या एका शॉटमध्येच साठेक मिलिग्रॅम असतं, आणि चहा-चॉकलेटही त्याच खात्यात जमा!

हिशेबात बसवून एखादा कप चालला असता. पण गेल्या वर्षी आमची गोड बातमी अर्ध्यातच थांबली होती. चूक कुणाचीच नव्हती, डॉक्टरांनी ते चारदा समजावलं. तरी यंदा मला हिशेबच नको होता. कॉफी बंद म्हणजे बंद!

पहिले काही दिवस डोकं जाम ठणकलं, मग थांबलं. मगाची आठवण मात्र जाईना. डिकॅफमध्येही थोडं कॅफीन उरतंच, हॉट चॉकलेटच्या कोकोतही ते असतं. हळदीचं दूध? सॉरी बॉस, त्यात तो कडवटपणा कुठाय?

कोजागिरीला डॉक्टरांना विचारून माहेरी वणीला गेले. पाचवा महिना होता. नद्यांचं पाणी कावडीत घेऊन सप्तशृंगी गडाकडे निघालेल्या भाविकांनी रस्ता फुललेला. गच्चीवर मसाला दुधाची तयारी सुरू होती. माझं रडगाणं ऐकून आजी म्हणाली, "अगं, मग गव्हाची कॉफी पी की! आमच्या वेळी तीच असायची."

मी उडालेच. आणि हे फक्त आजीचं खूळ नाही हं! गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर 1910 नंतरच्या काळात गहू भाजून-दळून कॉफी व्हायची. इटलीत आजही भाजलेल्या जवाची कॉफी मिळते. धान्यात कॅफीन नसतंच. रंग आणि कडवटपणा येतो तो भाजण्यातून.

तर मंडळी, लिहून घ्या. वाटीभर गहू निवडून, धुऊन कडकडीत वाळवा. लोखंडी कढईत मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं हलवत राहा. चॉकलेटी रंग आला की गॅस बंद. काळे झाले तर चव करपट लागते, माझी पहिली बॅच तशीच गेली! गार करून मिक्सरमधून भरड काढा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

एका मगासाठी अर्धा कप पाणी, दोन चमचे पावडर, दोन ठेचलेले वेलदोडे, दालचिनीचा छोटा तुकडा आणि चिमूटभर सुंठ. पाच मिनिटं उकळून गाळा. जायफळ मात्र या दिवसांत नको, हा आजीचा दंडक. आता कपभर दूध कडक तापवून रवीनं घुसळा. फेस असा येतो की मशीन झक मारेल! काढ्यावर आधी दूध, मग चमच्यानं फेस सोडा. गोडाला साखर घाला. गूळच हवा असेल तर दूध उकळताना घालू नका, फाटतं. मग जरा कोमट झाल्यावर घाला.

चव? कॉफीची सख्खी बहीण नाही, चुलतबहीण म्हणा. पण हातात गरम मग, ओठांवर फेस, जिभेवर तो कडवट चटका... मला एवढंच तर हवं होतं!

त्या रात्री सगळे मसाला दूध पीत होते, मी माझा लाटे. कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणे. बाराच्या सुमारास पोटात पहिल्यांदाच एक हलकीशी ढुशी जाणवली. मी आजीचा हात तिथं ठेवला. ती काहीच बोलली नाही, फक्त हात तसाच राहू दिला.

आमच्याकडे आणखी एक जण जागं होतं. तेही कॅफीनशिवाय, बरं का!