पेंडीवर पोसलेले स्नायू

मांसासाठी काचेच्या बशीत स्नायूंच्या पेशी वाढवायच्या, तर क्षार, साखर आणि अमिनो आम्लांचे द्रावण पुरत नाही. त्यात साधारण दहा ते वीस टक्के सीरम घालावे लागते. कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेली की पोटातल्या वासराच्या हृदयातून रक्त काढतात. ते गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव म्हणजे हे सीरम. त्यातली प्रथिने पेशींना वाढवतात, तळाला धरून ठेवतात, अपायांपासून जपतात. मात्र ते महाग, आणि प्रत्येक खेपेचा गुण निराळा. शिवाय मांसासाठी जनावर मारायचे नाही, हा हेतूच त्याने मोडतो. शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी २०१३ साली लंडनमध्ये सादर केलेला, पेशींपासून बनवलेला बर्गरही सीरमवरच वाढला होता.

सीरम वगळायचे तर त्याची कामे एकेका घटकाला वाटून द्यावी लागतात. अमेरिकेच्या टफ्ट्स विद्यापीठात अँड्र्यू स्टाउट, डेव्हिड कॅप्लान आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच केले. इन्सुलिन, लोह वाहणारे ट्रान्सफेरिन, सेलेनियम, काही वृद्धिघटक असलेले ‘बी-८’ हे तयार द्रावण त्यांनी घेतले आणि त्यात अल्ब्युमिन या प्रथिनाची भर घातली. गाईच्या स्नायूंच्या मूळ पेशी सरासरी ३९ तासांत दुप्पट होऊ लागल्या. अल्ब्युमिन मात्र एक दिवस थांबून घालायचे, आधी पेशींना तळ धरू द्यायचा.

खर्च वाढवत होते ते अल्ब्युमिनच. २०२३ मध्ये त्याच गटाने त्याच्या जागी रेपसीडची, म्हणजे मोहरीच्या भावंडाची प्रथिने घातली. तेल गाळून उरलेल्या चोथ्यातली, म्हणजे पेंडीतली प्रथिने विरघळवून द्रावण ठरावीक आम्लतेवर आणले की ती खाली बसतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटते ते याच तत्त्वाने. पेशींची वाढ अल्ब्युमिनपेक्षाही सरस झाली.

पेंडीत ताकद असते, हे शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरच्या म्हैसवाल्याला सांगावे लागत नाही. पण कुठलीही पेंड चालेल असे नाही. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. मोठ्या म्हशीचे पोट त्याचा बराच भाग निकामी करते. बशीतल्या पेशीला तसे पोट नाही.

आपल्याकडे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये गुड फूड इन्स्टिट्यूट इंडियाशी पेशींपासून मांस बनवण्याच्या संशोधनासाठी करार केला. वृद्धिघटक अजून महागच आहेत, ते स्वस्त करायला मोठ्या प्रयोगशाळा लागतील. प्रथिनांचा भार उचलायला मात्र सोयाबीन आणि भुईमुगाची पेंड आपल्याकडे मुबलक आहे. ती पेशींवर नीट तपासणे, हे इथल्या संशोधकांच्या आवाक्यातले काम आहे.