पुढचा चेंडू पडायच्या आत

माझी भाची जिवतीची. माणिकगडचा डोंगर उतरून शाळेच्या सॉफ्टबॉल स्पर्धेला गेली आणि रडतच परतली. "मावशी, मी आऊट नव्हतीच वं!"

झालं असं. दोघी आधीच बाद. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर हिच्या मैत्रिणी. हिनं मारलेला चेंडू उंच उडाला आणि तो खाली यायच्या आतच अंपायर ओरडले, 'इन्फिल्ड फ्लाय, आऊट!' समोरच्या मुलीच्या हातून झेल सुटला, पण उपयोग काय? डाव संपला. एका रननं सामना गेला.

सोपा झेल मुद्दाम सोडून एकदम दोघींना बाद करण्याची चलाखी कुणी करू नये, म्हणून हा नियम. पण तो दोघी बाद व्हायच्या आधीच लागतो. दोन बाद असताना नाहीच!

"मग बोलली का नाहीस?"

"सर म्हणतेत, अंपायरसमोर तोंड उघडायचं नाही."

मैत्रिणींनो, हे आपल्या पोरींना मैदानावर वेगळं शिकवावं लागतं का? घरूनच शिकून येतात! खेळाच्या नियमांत मात्र तक्रारीला, म्हणजे प्रोटेस्टला, चक्क जागा आहे. धावणारी वेळेत पोचली का, झेल सोपा होता का, हा अंपायरच्या नजरेचा निर्णय. तिथं वाद चालत नाही. पण नियमच चुकीचा लावला, तर कॅप्टननं किंवा प्रशिक्षकानं पुढचा चेंडू टाकायच्या आत सांगायचं. डाव संपला असेल, तर समोरच्या मुली मैदान सोडायच्या आत. नंतर लेखी द्यायचं. तक्रार मान्य झाली, तर खेळ तिथूनच पुन्हा सुरू होतो. बेसबॉलच्या हौशी सामन्यांतही साधारण हीच रीत.

कबड्डी तर आपल्या घरचीच. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊचा आशियाई अंतिम सामना आठवतो? भारत-इराण २८-२८. पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला, मागोमाग इराणचे बचावपटू. जुना नियम लावायचा की नवा, यावर दोन्ही संघ अडून बसले. निर्णय फिरत राहिला, खेळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. तिथं कुणी त्यांना 'उलटून बोलू नका' म्हटलं नाही हो.

गेलेला सामना काही परत मिळाला नाही. वेळ टळली होती. भाचीनं नियम वहीत उतरवून घेतला. मग हळूच विचारलं, "मावशी, सर रागावले तं?"

"तू कॅप्टन आहेस ना? वही दाखव."

वही तिनं किटबॅगेत ठेवली आहे, ग्लोव्हच्या खाली.