शेळी वाट्याची, दूध घरचे

पावसाळा सरत आला आणि डेंगीचे रुग्ण वाढू लागले, की शहरांत शेळीच्या दुधाची शोधाशोध सुरू होते. रक्तातील प्लेटलेट कमी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की घरातील कोणी तरी वडीलधारे माणूस शेळीच्या दुधाचे नाव काढते आणि एरवी कोणी विचारत नाही अशा या दुधाला अवाच्या सवा भाव येतो. डेंगीवर शेळीचे दूध हा उपाय आहे, या समजुतीला भक्कम वैद्यकीय आधार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु या धावपळीतून एक गोष्ट दर वर्षी नव्याने ध्यानात येते. सोलापूरसारख्या, शेळ्यांच्याच मुलखातील शहरातही शेळीचे ताजे दूध नेमके मिळवायचे कोठून, हे सहसा कोणाला सांगता येत नाही.

वास्तविक शेळ्यांची वाण या भागात नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या होत्या आणि त्यांपैकी १ कोटी ६ लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. उस्मानाबादी ही काळ्या रंगाची, काटक जात आजच्या धाराशिव, लातूर, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातली. असे असूनही देशाच्या एकूण दुधात शेळीचा वाटा तीन टक्क्यांच्या घरात राहतो. आपल्याकडे शेळी पाळली जाते ती मुख्यतः मांसासाठी. दूध निघते ते करडांना आणि पाळणाऱ्याच्या चहाला पुरते. गाय-म्हशीच्या दुधासाठी गावोगाव संकलन केंद्रे झाली, शीतकरणाची सोय झाली, जिल्हा संघ उभे राहिले. शेळीच्या दुधासाठी असे काही झाले नाही, कारण एका दारातून निघणारे अर्धा-पाऊण लिटर दूध गोळा करीत फिरणे कोणालाच परवडत नाही.

मग ज्याला हे दूध रोज हवे, त्याने काय करावे? फ्लॅटच्या गॅलरीत शेळी बांधता येत नाही. यावर एक मार्ग आहे. शहरातील चार-पाच कुटुंबांनी मिळून शेळ्यांचा एक लहान कळप घ्यावा, तो गावाकडे जाणत्या माणसाकडे सांभाळायला द्यावा आणि दुधाचा वाटा घरी आणावा. अमेरिकेत ही पद्धत बऱ्यापैकी रुळली आहे. तिकडे तिचे कारण मात्र निराळे आहे. अनेक राज्यांत न तापवलेले कच्चे दूध विकण्यास बंदी वा कडक निर्बंध आहेत. तेव्हा ग्राहक दूध विकत घेतच नाही. तो गाईचा किंवा शेळीचा हिस्सा विकत घेतो, तिच्या संगोपनाचा खर्च दरमहा देतो आणि ‘स्वतःच्याच’ जनावराचे दूध घेऊन जातो. कोलोरॅडो राज्याने २००५ मध्ये कायदा करून या व्यवस्थेला मान्यता दिली. आपल्याकडे गवळ्याकडून कच्चे दूध घेऊन घरी तापवण्याची रीत सर्वत्र असल्याने कायद्याची ती पळवाट शोधण्याची गरज नाही. आपली अडचण जागेची, पुरवठ्याची आणि विश्वासाची आहे.

अर्थात वाट्याने जनावर राखण्याचे धडे आपण अमेरिकेकडून घ्यावेत, असेही नाही. अर्धलीने शेळी देण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांतून पूर्वापार आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो शेळी घेतो. ज्याच्याकडे हात आहेत, तो, आणि बहुतेक वेळा ती, शेळी राखते. होणारी करडे निम्मी मालकाची, निम्मी राखणाऱ्याची. गावागणिक तपशील बदलतो. कोठे पहिल्या वेताची करडे मालकाकडे जातात, कोठे शेळी विकताना मूळ किंमत वजा करून उरलेली रक्कम वाटली जाते. दूध आणि लेंडीखत मात्र बहुधा राखणाऱ्याच्याच घरी राहते. याच चालीचा एक नवा अवतार अकोला जिल्ह्यात दिसला. तेथील ‘गोट बँके’ने गाभण शेळी कर्जाऊ द्यायची आणि चाळीस महिन्यांत चार करडे परत घ्यायची, असा व्यवहार बांधला. व्याज करडांच्या रूपाने, दुधाचा उल्लेखही नाही.

खरी मेख येथेच आहे. अर्धलीत मालकाला करडे हवी असतात, शहरातल्या भागीदाराला दूध हवे आहे. म्हणजे जे आजवर राखणाऱ्या बाईच्या पोरांच्या मुखी जात होते, तेच आपण मागणार आहोत. तेव्हा जुन्या चालीवर नुसते नवे नाव चिकटवून भागणार नाही. वाट्यांची मांडणीच उलटी करावी लागेल.

दहा शेळ्यांचे गणित

समजा, जुळे सोलापुरातील पाच कुटुंबांनी दहा उस्मानाबादी शेळ्या घेऊन शहराजवळच्या एखाद्या गावात ठेवल्या. किती दूध मिळेल? ‘दहा शेळ्या म्हणजे दहा लिटर’ असा हिशेब मनात येतो आणि तेथेच बेत फसतो. उस्मानाबादी शेळी दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर दूध देते, आणि तेही चार महिन्यांच्या आसपास. गर्भकाळ पाच महिन्यांचा. उत्तम व्यवस्थापनात दोन वर्षांत तीन वेते मिळतात, म्हणजे दोन वेतांत आठ महिन्यांचे अंतर. याचा अर्थ असा, की कोणत्याही दिवशी दहातील निम्म्याच शेळ्या दुभत्या असणार. पाच शेळ्यांचे मिळून पाचएक लिटर. त्यातून करडांचा वाटा वजा करायचा. हाती उरते अडीच ते तीन लिटर. पाच घरांना प्रत्येकी अर्धा लिटर, यापेक्षा मोठे आश्वासन कोणी देत असेल तर त्याने एक तर करडे उपाशी ठेवली आहेत किंवा पाण्याचा नळ जवळ आहे.

करडांच्या वाट्यात काटछाट चालत नाही. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर करडू तगणे अवघड. पहिला महिना तर दूध त्यांचेच. त्यानंतरची रीत साधी आहे. रात्री करडे डालग्याखाली किंवा वेगळ्या खणात ठेवायची, पहाटे धार काढायची आणि मग दिवसभर त्यांना आईजवळ सोडायचे. म्हणून भागीदारांना मिळणारे दूध एकाच वेळचे, सकाळचे असेल.

हे अर्धा लिटर तरी वर्षभर मिळावे, यासाठी सगळ्या शेळ्या एकदम विऊन एकदम आटणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. दहांचे पाच-पाचांचे दोन गट करायचे. पहिला गट ऑक्टोबरात व्यायला, तर पुढे जूनमध्ये आणि त्यापुढे फेब्रुवारीत विईल. दुसरा गट चार महिने मागे ठेवायचा. एक आटत असताना दुसरा दुभता होतो. त्यासाठी बोकड कळपात मोकळा ठेवून चालत नाही. ठरल्या वेळीच सोडावा लागतो. याचा आणखी एक फायदा आहे. शेळीच्या दुधाला वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ठाऊक नसते, की त्या वासाला बरेचदा शेजारी बांधलेला बोकड कारणीभूत असतो. बोकड लांब, कास धुतलेली, भांडे स्वच्छ आणि दूध लगेच थंड केलेले, एवढे पाळले तर पाहुण्याला चहातला फरक सांगूनही कळत नाही.

कागदावरचे हे वेळापत्रक सोलापूरचा उन्हाळा मोडतो, हेही सांगायला हवे. ऑक्टोबरात विणारी शेळी मे महिन्यात भरावी लागते आणि मे महिन्यात तर झाडपाला नसतो, अंगात जोम नसतो, माज लांबतो. त्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवला तर फरक पडतो. एका शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर वाळली वैरण आणि पाव किलोच्या आत-बाहेर खुराक, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. रब्बी ज्वारीच्या या जिल्ह्यात कडब्याची वाण नाही. तुरीचा भुसा, बाभळीच्या शेंगा मिळतात. अडते ते हिरव्यावर. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा आधीच लावलेला असेल, तर बंदिस्त कळप तगतो. नसेल तर दुष्काळी वर्षात वैरणीचे भाव चढतात, आणि चारा छावण्या उघडल्या तरी त्या प्रामुख्याने मोठ्या जनावरांसाठी असतात. त्या वर्षीचा वाढीव खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर पाऊस पडत असतानाच लिहून ठेवलेले बरे.

करार कोणाशी आणि कशाचा

भागीदारी ‘ही शेळी माझी, ती तुझी’ अशी केली, की भांडण ठरलेले. ज्याची शेळी आटली त्याच्या घरी दूध बंद, ज्याची मेली त्याचे भांडवल बुडाले. त्याऐवजी हिस्सा साऱ्या कळपात असावा. दूध रोज मोजून समान वाटावे आणि मरतुकीचा तोटाही सर्वांचा असावा. विमा उतरवायचा तर कानातील बारा अंकी बिल्ला आवश्यक, आणि विमा कोणाच्या नावे हे आधी ठरायला हवे. भरपाई मागताना पाच जणांची नावे पुढे करून चालत नाही.

राहिला प्रश्न राखणाऱ्या बाईचा. माझ्या मते, दुधाच्या बदल्यात तिला ठरावीक मासिक राखणावळ मिळावी, चारा-औषधाचा खर्च भागीदारांनी उचलावा आणि शिवाय अर्धलीच्या रिवाजाप्रमाणे करडांतील निम्मा हिस्सा तिचा राहावा. तिच्या घरापुरते रोजचे दूधही वाटणीपूर्वीच बाजूला निघावे. हा उदारपणा नव्हे. दारातील शेळी ही गरिबाची अडीनडीची ठेव असते. मुलाचे आजारपण, शाळेची फी, सावकाराचा तगादा, काहीही आले की एक शेळी बाजारात जाते. वाट्याच्या शेळीला ती हात लावू शकत नाही. तिच्या स्वतःच्या पाटी त्याच दावणीला वाढत असतील, तर कळपात तिचा जीव गुंतेल. नुसत्या पगारावर राखलेल्या कळपात पहाटे तीनला अडलेली शेळी कोण सोडवणार?

बोकडांचा मुद्दा जरा नाजूक आहे. जन्मणाऱ्या करडांत निम्मे नर असतात आणि ते अखेर मांसासाठीच विकले जातात. बकरी ईदच्या आधी त्यांना चांगला भाव येतो. ही रक्कम हिशेबात धरली नाही, तर दूध फार महाग पडते. ज्या शाकाहारी घरांना हा व्यवहार मनाला पटत नाही, त्यांनी भागीदारीत उतरण्यापूर्वीच तसे सांगावे आणि बोकडांचा सगळा हिस्सा राखणाऱ्याला सोडून द्यावा. दूध हवे पण बोकडांचे काय होते ते विचारायचे नाही, ही सोयीस्कर भूमिका पहिल्या वर्षअखेरीलाच उघडी पडते.

गुण किती, गैरसमज किती

शेळीचे दूध दूधच आहे, औषध नव्हे. गांधीजी १९१९ पासून ते घेऊ लागले, तेही गाय-म्हशीचे दूध न घेण्याच्या व्रतातून आजारपणात काढलेली वाट म्हणून. या दुधातील स्निग्धकण बारीक असतात, त्यामुळे साय लवकर वर येत नाही आणि काहींना ते पचायला हलके वाटते. मात्र त्यात दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षा किंचितच कमी असते. ज्यांना दुग्धशर्करा पचत नाही, त्यांची यातून सुटका नाही. गाईच्या दुधातील प्रथिनांची अॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचे दूधही बाधते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या दुधात फोलेट फारच कमी असते. केवळ शेळीच्या दुधावर ठेवलेल्या तान्ह्या बाळांना रक्तक्षय होतो, हे वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. वर्षाच्या आतील बाळाला आईच्या दुधाऐवजी हे देऊ नये. ‘आजीने सांगितले’ हे येथे पुरेसे कारण नाही.

दुसरा धोका ब्रुसेलोसिसचा. शेळ्यांत तो गर्भपात घडवतो आणि माणसाला उलटून उलटून येणारा ताप, सांधेदुखी देऊन महिनोन् महिने छळतो. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना जेरीस आणणाऱ्या या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला; तो शेळ्यांच्या दुधातून येतो, हे थेमिस्तोक्लीस झामित यांच्या संशोधनातून १९०५ मध्ये उघड झाले. दूध नीट उकळले की जंतू मरतो, म्हणून ‘कच्चे ते पौष्टिक’ हे परदेशी वेड आपण घेऊ नये. पण उकळण्याने फक्त पिणारा वाचतो. वार ओढणारी, गाभडलेले करडू उचलणारी बाई उघड्या हातांनी काम करीत असते. वर्षातून एकदा कळपाची रक्ततपासणी आणि तिच्यासाठी हातमोजे, हा खर्च भागीदारांच्या वहीत पहिल्या पानावर असावा. पीपीआर व आंत्रविषाराच्या लसी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचून घ्याव्यात. आंत्रविषाराची लस पावसाळा तोंडावर येण्यापूर्वीच.

शेळ्या आणायच्या कोठून, हा शेवटचा प्रश्न. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र सांगोला तालुक्यातील महूद येथे आहे. पैदाशीच्या बोकडासाठी तेथे चौकशी करावी. बाजारातून घ्यायच्या असतील तर दुसऱ्या वा तिसऱ्या वेताच्या घ्याव्यात आणि जाणता माणूस बरोबर न्यावा. आदल्या संध्याकाळची धार न काढता कास तुंबवून आणलेली शेळी पाहणाऱ्याला भुलवते. सौदा करण्यापूर्वी विकणाऱ्याच्या घरी जावे आणि लागोपाठ दोन दिवस, पहाटेच, समोर धार काढायला लावून दूध मापून घ्यावे.