आधी वाट पाहणं, मग अर्थ

ख्रिस्ती घरातल्या लहान मुलाच्या मनात धर्माचं वर्ष म्हणजे बहुधा दोनच दिवस असतात: नाताळ आणि ईस्टर. त्यांच्या आगेमागे चर्चचं अख्खं वर्ष पसरलेलं असतं, ते त्याच्या नजरेतच येत नाही. हे वर्ष १ जानेवारीला उजाडत नाही. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने ते सुरू होतं. मग नाताळ, पुढे राखेच्या बुधवारपासूनचा उपवासकाळ, ईस्टरचे पन्नास दिवस, पेन्टेकॉस्ट आणि उरलेले तेहेतीस-चौतीस आठवडे सामान्य काळाचे. कॅथलिक परंपरेत वेदीवरच्या धर्मगुरूंच्या वस्त्राचा रंगही काळाप्रमाणे बदलतो: तयारीच्या दिवसांत जांभळा, आनंदाच्या सणांना पांढरा, पेन्टेकॉस्टला आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल, सामान्य काळात हिरवा. हे सगळं मुलांना शिकवायचं म्हटलं की मोठी माणसं तक्ता काढतात, कोणत्या रंगाचा काय अर्थ ते पाठ करून घेतात आणि आठवड्याभराने विचारतात. घोडं नेमकं इथेच पेंड खातं. लहान मुलांसाठी हा क्रम उलटा हवा. आधी हाताला काम, मग मुलाचा स्वतःचा प्रश्न, आणि अर्थ सर्वांत शेवटी.

ही काही आधुनिक शिक्षणशास्त्राने काढलेली टूम नव्हे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची यात्रेकरू जेरुसलेमला गेली होती. तिथल्या पवित्र आठवड्याचं तिने केलेलं वर्णन आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी आहे. झावळ्यांच्या रविवारी जैतुनाच्या डोंगरावरून शहराकडे उतरणाऱ्या मिरवणुकीत तिला मुलंही दिसली. ज्यांना चालताही येत नव्हतं ती आईबापांच्या खांद्यावर होती आणि सगळ्यांच्या हातात खजुराच्या नाहीतर जैतुनाच्या फांद्या होत्या. त्या मुलांना फांदीचा अर्थ कळेपर्यंत घरी थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांच्या आश्रमातली गरीब मुलं नाताळ कधी येणार म्हणून सारखी विचारत, असं सांगतात. विखर्न यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रोजच्या लहान लाल आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. आज जगभर दिसणाऱ्या आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांच्या चक्राचं मूळ बहुतेक अभ्यासक तिथेच शोधतात. म्हणजे आधी मुलांचा प्रश्न होता, त्यापोटी ते चिन्ह जन्माला आलं.

विसाव्या शतकात या सहजवृत्तीला पद्धतीचं रूप मिळालं. मारिया माँटेसरी यांच्या प्रेरणेने बार्सिलोनात मुलांनी पवित्र मिस्सेच्या भाकरीसाठी गहू पेरला, द्राक्षारसासाठी वेली लावल्या. १९५४ साली रोममध्ये बायबलच्या अभ्यासक सोफिया कावालेत्ती आणि माँटेसरी शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी धर्मशिक्षणाची स्वतंत्र खोली उभी केली. तिथल्या साधनांत चर्चच्या वर्षाचं लाकडी चक्र असतं. प्रत्येक आठवड्याला रंगवलेला एक ठोकळा असतो आणि मूल ते एकेक करून गोलात मांडत जातं. सणांचे पांढरे ठोकळे मोजकेच निघतात, त्यांच्या आधी जांभळ्यांची ओळ येते आणि हिरवे मांडता मांडता हात दुखून येतात. सणाआधी तयारी असते आणि वर्षाचा बराचसा भाग साध्या दिवसांचा असतो, हे मुलाला आता सांगावं लागत नाही. त्याच्या बोटांनी ते मोजलेलं असतं. तक्ता बघून ही जाण येत नाही, कारण तक्त्यात सगळे काळ सारख्याच चौकटीत बसवलेले असतात.

यावर पहिला आक्षेप मानसशास्त्राचा आहे, आणि तो वजनदार आहे. ब्रिटिश संशोधक रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६४ साली दाखवून दिलं की बारा-तेरा वर्षांखालची मुलं बायबलमधल्या रूपकात्मक कथांचा शब्दशः अर्थ घेतात. जळत्या झुडपाच्या कथेत त्यांना खरोखरीची आगच दिसते. मग चिन्हांचं शिक्षण इतक्या लवकर कशाला? पण गोल्डमन यांनी तपासली ती मुलांची अर्थ सांगण्याची क्षमता. त्यांच्या निष्कर्षांनी मोडीत निघते ती पाठांतराची पद्धत. सहा वर्षांच्या मुलाला ‘जांभळा म्हणजे पश्चात्ताप’ असं म्हणायला लावणं व्यर्थ आहे, हे त्यांच्याच अभ्यासावरून सिद्ध होतं. पण नाताळ अजून तीन मेणबत्त्या लांब आहे, हे त्याच मुलाला पक्कं कळतं. वाट पाहणं हा त्याचा रोजचा अनुभव आहे, त्याला रूपक उलगडावं लागत नाही.

दुसरा आक्षेप ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच येतो. दिवस आणि रंग पाळणं बायबलमध्ये सांगितलेलं नाही, असं म्हणत इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ बंद केला, तर मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. या शंकेत एक तथ्य आहे: चिन्ह हेच उद्दिष्ट झालं तर कथा मागे पडते. पण त्यावर उपाय वर्ष टाकून देणं हा नव्हे. प्रत्येक कृतीला तिची कथा जोडून ठेवली की पुरे. गोव्यात २४ जूनला सांजांव साजरा करताना तरुण डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारतात. ती उडी मरिया भेटीला आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरात बाळ योहानाने घेतलेल्या उडीशी जोडली जाते. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे योहान येशूहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणून योहानाच्या जन्माचा हा सण नाताळच्या सहा महिने आधी येतो. पावसाळ्यातल्या त्या उडीत कथाही आहे आणि पंचांगही.

आपल्याकडच्या शिक्षकांना हे काम खरं तर सोपं जावं. ईस्टर येतो तो २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. तिथी आणि पौर्णिमा ठाऊक असलेल्या मराठी मुलाला ही तारीख दरवर्षी का सरकते, ते गच्चीवर नेऊन दाखवता येतं. माँटेसरींचा विचार आपल्या मातीत रुजवताना ताराबाई मोडकांनी बोर्डीच्या बालवाडीत महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या. चर्चच्या वर्षालाही तोच न्याय लावता येईल: वसईच्या मुलाच्या हातात माडाची झावळी, चक्राला परसातली हिरवी डहाळी, ठोकळ्यांऐवजी रंगवलेल्या चिंचोक्यांची माळ. वेदीवरचं कापड बदलायचं असेल तेव्हा त्याची एक बाजू मुलांना धरू द्यावी आणि रंग का बदलला हे त्यांनी विचारेपर्यंत मोठ्यांनी गप्प बसावं. शिकवणं साधलं की नाही याची परीक्षाही मग साधी आहे. पुढच्या रविवारी कापड कोणत्या रंगाचं असेल हे मूल आपणहून सांगू लागलं, तर ते चर्चच्या वर्षात राहायला लागलं आहे. अर्थ शिकवायची वेळ तेव्हा येते.