एकोणीस पराभवांचा उन्हाळा

भातकापणी उरकली की आमच्या विसरवाडीच्या आसपास खाचराखाचरांत क्रिकेट सुरू होतं. धसकटं विळ्याने खरवडायची, दोन हंडे पाणी ओतून माती चोपायची, बावीस पावलं मोजायची, की झाली खेळपट्टी. दिवाळीच्या सुमारास महामार्गाच्या कडेला टेनिस बॉल स्पर्धांचे बॅनर लागतात. पहिलं बक्षीस इतकं, दुसरं इतकं, एन्ट्री फी इतकी, आणि खाली लहान अक्षरांत एक शब्द : नॉकआऊट.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्पर्धेला गेलो होतो. एका पाड्यावरची पोरं छोटा हत्तीच्या मागच्या हौद्यात उभी राहून आली होती. अंगात एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर नंबर. वर्गणी काढून फी भरलेली. सहा षटकांचा सामना झाला आणि पाऊण तासात ती हरली. स्पीकरवर पुढच्या दोन संघांची नावं पुकारली गेली, तशी ती पुन्हा गाडीत चढली. त्यांतल्या एकाच्या हातात नवी बॅट होती. तिच्या पात्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं, कारण त्याची पाळीच आली नव्हती. चार महिने संध्याकाळी सराव केलेल्या पोराचं वर्ष अकरा वाजायच्या आत संपलं.

त्या बॅटकडे बघताना मला 1886 चा उन्हाळा आठवला. मुंबईच्या पारशांचा संघ त्या साली इंग्लंडला गेला होता. भारतातून तिकडे खेळायला गेलेला तो पहिलाच क्रिकेट संघ. डॉ. धनजीशा पटेल कप्तान होते. सामने झाले 28. त्यांतले 19 हरले, 8 अनिर्णित राहिले, आणि जिंकला फक्त एक.

एवढं हरूनही त्या संघाची आठवण का ठेवायची, हे सांगण्यासाठी आधी थोडं मागं जावं लागेल. मुंबईच्या एस्प्लनेडवर, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, पारशी पोरं गोऱ्या शिपायांचा खेळ बघत बघत क्रिकेट शिकली. 1848 साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला आणि दोन वर्षांनी झोरोअ‍ॅस्ट्रियन क्लब. मग क्लबांची रीघच लागली. मैदान मात्र त्यांच्या हातात नव्हतं. 1875 साली युरोपीयांचा बॉम्बे जिमखाना झाला आणि त्याच मैदानावर साहेब लोक पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडली जाई, जागोजाग खड्डे पडत, आणि त्या खड्ड्यांत टप्पा पडलेला चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसे. 1881 साली चारशेहून अधिक देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला, की पोलो दुसरीकडे हलवा. शापूरजी सोराबजी या झगड्यात पुढे होते. पुढे 1897 साली त्यांनी पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, तेव्हा पोलोविरुद्ध क्रिकेट हा लढा पुस्तकाच्या नावातच घातला. अर्ज कधी मान्य व्हायचा, कधी फिरवला जायचा. या ओढाताणीतच 1885 साली पारशी जिमखाना उभा राहिला आणि लगेच पुढच्या वर्षी संघ बोटीत बसला.

खेळाडू हौशी होते, पगारी नव्हते. पण शिकवायला त्यांनी सरे परगण्याचा रॉबर्ट हेंडरसन हा पगारी खेळाडू आणवला होता. सामने ठरवून दिले सरे क्लबचे सेक्रेटरी चार्ल्स अल्कॉक यांनी. निरोपाच्या वेळी फिरोजशहा मेहता बोलले, त्याचा आशय असा की, चित्रकार जसे थोर कलावंतांपुढे नम्र व्हायला इटलीला जातात तसे हे आपले तरुण इंग्लंडला चालले आहेत. शिकायला जाणाऱ्याला पराभवाची लाज वाटायचं कारण नाही, हे त्यातच आलं.

आणि शिकवणी कडकच झाली. मे महिन्याच्या अखेरीस लॉर्ड्सवर एमसीसी या क्लबशी गाठ पडली. समोर डब्ल्यू. जी. ग्रेस. दाढीवाला हा धिप्पाड डॉक्टर त्या काळचा जगातला सर्वांत मोठा क्रिकेटपटू. त्याने 65 धावा काढल्या आणि मग दोन्ही डावांत मिळून पारशांचे अकरा गडी बाद केले. पाहुण्यांचा पहिला डाव आटोपला 23 धावांत, दुसरा 66 धावांत. मुंबईच्या कडक, तापलेल्या जमिनीवर खेळ शिकलेल्यांना ओलसर हिरवळीवर चेंडू किती वळतो आणि किती उशिरा येतो याचा अंदाज नव्हता. आपल्याकडचा कुठलाही संघ असा हरला असता तर दुसऱ्या दिवशी घरचा रस्ता धरला असता. पारशांना तशी सोयच नव्हती. पुढचा सामना ठरलेला होता, त्याच्या पुढचाही ठरलेला होता. सारा उन्हाळा गावोगाव हिंडत ते खेळले. एकमेव विजय मिळाला तो नॉर्मनहर्स्ट इथे.

दोनच वर्षांनी, 1888 साली, पारशांचा दुसरा संघ निघाला. कप्तान पेस्तनजी कांगा. या वेळी 31 सामने झाले : 8 जिंकले, 11 हरले, 12 अनिर्णित. एकावरून आठावर. या हंगामाचा मोठा माणूस म्हणजे मेहेल्लाशा पावरी, वय 21, वेगवान गोलंदाज. एका उन्हाळ्यात त्याने 170 गडी बाद केले, दर गड्यामागे बारापेक्षा कमी धावा देऊन. तेव्हा इंग्लंडात षटक चार चेंडूंचं असे. चार चेंडू टाकायचे, बाजू बदलायची, पुन्हा चार, असं महिनोन् महिने. आजचे आयपीएलवाले गोलंदाज एका सामन्यात जास्तीत जास्त 24 चेंडू टाकतात. पावरीच्या खांद्याचा विचार केला की मी थक्क होतो.

हा पावरी मूळचा नवसारीचा. विसरवाडीहून पश्चिमेला निघालं की नवापूर लागतं, पुढे सोनगड, व्यारा, बारडोली, आणि तिथून नवसारी काही लांब नाही. आपली माणसं दरवर्षी ऊसतोडीला त्याच मुलखात जातात. इंग्लंड आपल्याला परक्या जगातलं वाटतं, पण तिथे जाऊन विकेटा काढणारा पहिला मोठा भारतीय गोलंदाज आपल्या शेजारचाच होता. शाळेत मी हे सांगतो तेव्हा पोरं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग नकाशा मागतात. पुढे तो डॉक्टर झाला, 1895 साली मिडलसेक्सकडूनही एक सामना खेळला, आणि पारशी क्रिकेटवर त्याने पुस्तकही लिहिलं.

या दोन उन्हाळ्यांचं फळ मुंबईत दिसलं. 1889-90 च्या हिवाळ्यात जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ भारतात आला. लॉर्ड हॉक त्या संघात होते. 30 आणि 31 जानेवारी 1890 ला बॉम्बे जिमखान्यावर पारशांनी त्यांना चार गडी राखून हरवलं. साऱ्या दौऱ्यात व्हर्ननच्या संघाचा हा एकच पराभव. विकेटा काढण्यात पावरी आघाडीवर होता. ज्या जिमखान्याशी पोलोवरून वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं, त्याच जिमखान्याच्या हिरवळीवर, तंबूंतून आणि दोरीबाहेरून बघणाऱ्या हजारोंच्या समोर हे घडलं. 1892 पासून पारशी विरुद्ध युरोपीय असा सामना मुंबई-पुण्यात रीतसर होऊ लागला. 1907 साली त्यात हिंदूंचा संघ आला, 1912 साली मुसलमानांचा, आणि त्यातून चौरंगी स्पर्धा उभी राहिली.

आता थोडं सातासमुद्रापलीकडे, कारण हरलं तरी पुढचा सामना ठरलेला असतो, ही हंगामाची कल्पना नीट समजायची तर अमेरिकेतल्या बेसबॉलकडे बघावं लागतं. 1869 साली सिनसिनाटी शहरात रेड स्टॉकिंग्ज नावाचा संघ उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देऊन उभा केला गेला. तो उभारणारा हॅरी राइट जन्माने इंग्लंडमधल्या शेफील्डचा, बाप क्रिकेटमधला पगारी खेळाडू. म्हणजे बेसबॉलच्या पहिल्या व्यावसायिक संघाची नाळही क्रिकेटला जोडलेली आहे. सर्वांत जास्त पगार हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज याला, हंगामाचे 1,400 डॉलर. त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. पुढच्या वर्षी 14 जून 1870 ला ब्रुकलिनच्या अ‍ॅटलांटिक संघाने अकराव्या डावात त्यांना 8-7 असं हरवलं, आणि बघायला येणाऱ्यांची गर्दी ओसरू लागली. हंगाम संपल्यावर क्लबने पगारी संघच मोडला. जिंकण्यावरच सगळा डोलारा उभा होता, त्यामुळे हरणं पेललं नाही.

1876 साली तिथे नॅशनल लीग स्थापन झाली. आठ क्लब, आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दहा सामने खेळायचे असा नियम. शिकागोने 52 सामने जिंकून पहिलं अजिंक्यपद मिळवलं. पण मला त्या वर्षातली महत्त्वाची वाटते ती दुसरीच घटना. न्यू यॉर्कचा म्युच्युअल्स आणि फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक हे दोन संघ मागे पडले होते. हंगामाच्या शेवटी पश्चिमेकडचा दौरा खर्चाचा, त्यात जिंकण्याची आशा नाही, म्हणून ते गेलेच नाहीत. लीगने दोघांनाही काढून टाकलं. देशातल्या दोन सर्वांत मोठ्या शहरांचे संघ, तरी गय केली नाही. हरत असलात तरी ठरलेले सामने खेळायचेच, हा नियम त्या दिवशी पक्का झाला. आजच्या प्रत्येक लीगचा, आयपीएलचासुद्धा, पाया तोच आहे.

हरूनही खेळत राहण्याची मुभा कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न मात्र उरतो. पारशांकडे पैसा होता, क्लब होते, साहेबाशी ओळख होती. त्याच काळात पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला मुलगा पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायचं आणि तिच्यावर रोलर फिरवायचं काम करत होता. पुढे पूना क्लबात चार रुपये झाले. तिथे साहेबांना सराव म्हणून तासन्‌तास चेंडू टाकता टाकता तो देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं, पण चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा दिला. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांत 15 हरला, 6 जिंकला. बाळूने त्या दौऱ्यात 114 गडी बाद केले. पहिल्या पराभवाला संघ परतला असता तर हे 114 गडी कोणी मोजले असते?

म्हणून पुन्हा आपल्या खाचरांकडे येतो. आपल्या भागात वेगाने चेंडू टाकणारी पोरं आहेत. डोंगर चढून शाळेत येणाऱ्यांचे पाय आणि दम मी रोज बघतो. नॉकआऊटमध्ये त्यांतल्या निम्म्यांचं वर्ष एका सामन्यात संपतं. चूक कुठे झाली हे कळतं, पण ती सुधारायला उद्याचा सामना नसतो. बक्षिसाची रक्कम दरवर्षी वाढते आहे, सामने मात्र वाढत नाहीत.

आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा एक तरी स्पर्धा साखळी पद्धतीने घ्या. सहा संघ घेतले तर एकूण पंधरा सामने होतात, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. सहा षटकांचा सामना पाऊण तासाचा, म्हणजे दिवसाला पाच सामने सहज बसतात. तीन रविवार पुरतात. बक्षीस थोडं कमी ठेवा, गाडीभाड्याला थोडी मदत करा, आणि पाचही हरलेल्या संघाला शेवटच्या रविवारी जेवायला थांबवून घ्या.