रॉ चित्रीकरण आणि संगणकाची निवड

रॉ चित्रीकरण हे तयार चित्र नसते. कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेल्या प्रकाशमूल्यांची ती नोंद होय. ब्राइस बायर यांच्या ज्या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले, तीत प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा व निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद होते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून संगणकास काढावे लागतात. त्यामुळे केवळ प्रोसेसरच्या वेगावरून संगणक निवडणे सयुक्तिक ठरत नाही.

पहिला प्रश्न साठवणुकीचा. ३८४० × २१६० बिंदूंचे, १२ बिटांचे, संपीडन न केलेले चित्रीकरण सेकंदास २४ चौकटींच्या गतीने सुमारे ३०० मेगाबाइट, म्हणजे तासास एक टेराबाइटहून अधिक जागा व्यापते. फिरत्या तबकडीच्या एकट्या हार्ड डिस्कला हा वेग सहसा पेलत नाही. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीला तो सहज पेलतो.

दुसरा प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा. रंगसंस्करणाचे, म्हणजे कलर ग्रेडिंगचे, बहुतेक गणित दा विंची रिझॉल्व्हसारखी प्रणाली या कार्डावरच सोपविते. कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी असल्यास उत्तम प्रोसेसर असूनही काम अडते.

तिसरा प्रश्न पडद्याचा. तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. पडदा मुळातच निळसर असेल, तर संस्कारक नकळत चित्रात तांबूस छटा वाढवितो आणि ती अन्यत्र सर्वांस दिसते. मंद संगणकामुळे केवळ वेळ जातो. सदोष पडद्यामुळे निर्णयच चुकतो. म्हणून निधी मर्यादित असता संगणकाचा वेग थोडा कमी पत्करावा, परंतु रंगमापकाने तपासलेल्या पडद्याची तरतूद आधी करावी. मूळ नोंदीच्या दोन प्रती स्वतंत्र ठेवल्यास चुकलेले संस्करण पुन्हा करता येते.