होळीची राख आणि घरचा खार

फाल्गुनी पौर्णिमेची होळी रात्री धडधडून शांत होते आणि पहाटे तिच्या निखाऱ्यांवर पाण्याचे हंडे चढतात. जालना शहरात त्या दिवशी हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. अंबड, भोकरदन, घनसावंगीकडील खेड्यांत कपाळाला राख लावून धुळवड सुरू होते. रंग धुऊन निघाला की सण संपतो, चौकातील राखेला मग कोणी विचारीत नाही. आम्हांस त्या राखेविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

पूर्वी राखेला घरात मान होता आणि तो केवळ श्रद्धेचा नव्हता. पऱ्हाटी, तुराट्या, बाभूळ यांची चुलीतील राख चाळून मडक्यात भरून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. तिच्यावर पाणी ओतून रात्रभर ठेवावे, सकाळी वरची पिवळसर निवळी अलगद काढावी. बोटांना ती बुळबुळीत लागते. हाच खार. राखेतील चुन्याचा अंश तळाशी बसतो आणि पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात उतरते. तेलकट भांडे राखेने घासले असता हा क्षार तेलाशी मिळून जागच्या जागी थोडा साबणच तयार करतो! सुती कपडेही याच पाण्यात उकळीत. कोरडी राख बियाण्याच्या कडधान्यात मिसळली की किडीला थारा मिळत नसे. राखेचे पाणी भांड्यात आटवून क्षार काढण्याची रीत युरोपातही होती. तिकडे त्याला ‘पॉटॅश’ म्हणत. 1807 साली हंफ्री डेव्ही यांनी त्यातून नवे मूलद्रव्य वेगळे केले, तेच पोटॅशियम.

आपल्याकडे ही विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकावर स्वतंत्र अध्याय आहे: राख सहापट पाण्यात कालवावी, एकवीस वेळा गाळावी, मग आटवावी. गणपतीच्या पत्रींत जो आघाडा आपण वाहतो, त्याच्या राखेचा क्षार भगंदरावरील क्षारसूत्रात आजही वापरतात. चरकाने मात्र क्षाराच्या अतिसेवनाविरुद्ध बजावले आहे, हे विसरू नये.

होळीनंतर उन्हाळी वाळवणाचे दिवस येतात. पापडाला खार हवाच. पण आता तो बहुधा दुकानातील सोड्याचा असतो, आणि त्यात आम्हांस वावगे वाटत नाही. घरच्या खाराची तीव्रता दरवेळी निराळी; डोळ्यांत गेला तर इजा करतो, ॲल्युमिनियमचे पातेले खातो. शेतात राख टाका, असा सरसकट उपदेशही आम्ही करणार नाही. आमची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी.

आमची तक्रार वेगळीच आहे. हल्ली होळीत टायर, प्लास्टिक, रंगवलेल्या फळ्या पडतात. ती राख ना कपाळाला लावण्याजोगी, ना भांड्याला. होळी निव्वळ लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाटीची असेल, तर धुळवडीचे पाणी पडण्यापूर्वीच घमेलेभर राख बाजूला काढावी; पाणी पडले की खार वाहून जातो. आणि ती पुरती निवल्याखेरीज डब्यात भरू नये, आत निखारा दडलेला असतो.